साडेदहा ते साडेचार

दिल्लीतल्या आमच्या सरकारी कार्यालयाने एका रस्त्यावरच्या सायकलवाल्यांची मोजणी केली ती सकाळी साडेदहा ते दुपारी साडेचार या वेळात. वेळ मी ठरवली होती. ठरवली म्हणजे, दुसरी एखादी वेळ असू शकते हे माझ्या मनातच आलं नाही. मोजणारे आमचेच चार कारकून. ते साडेनऊला येत, हजेरीवर सही करत, चहा घेत, मग कार्यालयाची व्हॅन त्यांना चार ठिकाणी सोडून येई आणि पाचच्या आत गोळा करून आणी, कारण पाचनंतर ती व्हॅन साहेबांच्या कुटुंबाची असे. जादा तासांना मंजुरी नव्हती. तेव्हा दिल्लीतल्या सायकलीही सरकारी वेळेतच चालत असणार असं धरून आम्ही तक्ता भरला, आणि त्याखाली मी सही केली.

जन्मभर मोटारीत फिरलेल्या माणसाने ही चूक केली असती तर समजण्यासारखं होतं. मी नोकरीची पहिली दहा-बारा वर्षं सायकलवरच काढली होती. सरकारी क्वार्टरपासून कार्यालयापर्यंत सकाळी सायकलींची रांग लागायची. कार्यालयामागे स्टँड होता, तिथला माणूस पितळी बिल्ला द्यायचा, आणि तो हरवला की आपलीच सायकल आपली आहे हे सांगायला लेखी अर्ज करावा लागे. मग स्कूटर आली, मग बढती, मग चौघांत मिळून एक मोटार. सायकल बाल्कनीत गेली आणि तिच्या दांडीवर पायपुसणी वाळू लागली.

ही गोष्ट गुरुग्रामला सगळे गुडगावच म्हणत तेव्हाची. आमच्या मोठ्या साहेबांनी नुकताच परदेश दौरा केला होता आणि तिथे त्यांना सायकली दिसल्या होत्या. इथेही त्या रोज त्यांच्या मोटारीला आडव्या जात, पण त्या दिसण्यातल्या नव्हत्या. परतल्यावर त्यांनी यमुनेपलीकडून येणाऱ्या एका पुलाच्या उतारापासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत सायकल ट्रॅक आखायला सांगितला. हिरव्या रंगाचा. रंग पहिल्याच बैठकीत ठरला, रुंदी चौथ्या बैठकीत.

नकाशा तयार होऊन आला त्या दिवशी आमचा टपाल शिपाई माझ्या टेबलापाशी रेंगाळला. मूळचा अलीगढकडचा, राहायला नदीपलीकडे, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. दिवसभर सायकलवरून कचेऱ्या-कचेऱ्यांत टपाल नेणं आणि ज्याचं त्याच्याकडून पिऑन बुकात सही घेऊन येणं, हे त्याचं काम.

"साहब, वो पुलवाला कट बंद हो रहा है?"

"किसने कहा?"

"नक्शा तो मैं ही लाया हूँ, साहब. कैरियर पे बाँध के."

कट म्हणजे रस्त्याच्या मधोमध असलेल्या लोखंडी रेलिंगमधली फट, सायकलचं हँडल जेमतेम जाईल एवढी. पुलाच्या उतारावरून येणारे सायकलवाले तिथून रस्ता ओलांडून कचेऱ्यांच्या बाजूला येत. नव्या नकाशात ती फट नव्हती. त्याऐवजी थोडं पुढे पादचारी पूल होता, जिन्यांचा. जिना नको असेल त्याने आणखी बरंच पुढे जाऊन, जिथे ट्रक वळतात तिथून वळून यायचं.

त्याने पायजमा वर करून गुडघा दाखवला. सुजलेला, पेरूएवढा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं होतं की सायकल खुशाल चालवा, जिने चढू नका. सायकल सुटली तर टपाल सुटणार, आणि टपाल सुटलं की अधीक्षक त्याला पाण्यावर लावणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाणी म्हणजे तळमजल्यावरून तीन मजले पाण्याचे जग भरभरून नेणं. लिफ्ट साहेब लोकांसाठी होती.

"डेढ़ साल निकलवा दो, साहब. फिर चाहे वहाँ दीवार चुनवा देना."

"देखते हैं," मी म्हणालो. तीस वर्षांच्या नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य बहुधा हेच असेल.

मग सायकलवाल्यांचं म्हणणं ऐकून घेण्यासाठी बैठक झाली. गोल टेबल, काजू, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. सगळे सायकलवाले मोटारीने आले होते. एका मोटारीच्या टपावर मात्र खरोखरच सायकल होती. तिचा मालक गुडगावातल्या एका सायकल क्लबचा अध्यक्ष, मोठ्या कंपनीतला अधिकारी. त्याला ट्रॅक नको होता. "आम्हाला रस्ता द्या," तो म्हणाला. "गुळगुळीत, सलग, सिग्नल नको, आणि रविवारी सकाळी दोन तास मोटारी बंद." त्यांचा क्लब पहाटे निघून मुरथलला पराठे खाई आणि जोर असला तर पुढेही जाई. "गेल्या महिन्यात पानिपतला जाऊन जेवायच्या वेळेला घरी परत होतो," तो सहज म्हणाला. हे वाक्य मराठी माणसासमोर इतक्या सहजपणे कुणी म्हणू नये.

माझ्या शेजारी पहाडगंजातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या. मी मराठी असल्याचं कळल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "अहो, मी काय सांगते, ट्रॅक रुंद हवा. दोन मुलं शेजारी शेजारी जातील एवढा. मुलं एकामागे एक चालवतच नाहीत, बिल्कुल नाही. गप्पा मारायच्या असतात ना त्यांना! आणि तुम्ही म्हणणार, शिस्त लावा." त्यांचं म्हणणं मी लिहून घेतलं. त्या दिवशी लिहून घेण्यासारखं तेवढंच होतं. एका प्राध्यापकांना दोन्ही बाजूंना दाट झाडी हवी होती, म्हणजे सायकलवाल्याचं मन प्रसन्न राहील. साहेबांना पाट्या हव्या होत्या.

तेवढ्यात आमचा शिपाई टपाल घेऊन दारात आला. साहेबांचा चेहरा उजळला. "अरे, असली साइकिलवाला तो ये है! इधर आओ. बोलो भई, तुमको कैसा ट्रैक चाहिए?"

सगळ्यांनी माना वळवल्या. त्याने पिऑन बुक छातीशी धरलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "जो बन रहा है, अच्छा ही है, साहब."

टाळ्या झाल्या. प्राध्यापकांनी त्याला काजूंची बशी पुढे केली.

बाहेर मी त्याला म्हणालो, "बोला क्यों नहीं?"

"वहाँ?" त्याने बंद दाराकडे बोट केलं. "आप बोले?"

मी नव्हतो बोललो.

आठवड्याने मोजणीचा तक्ता माझ्या सहीनिशी साहेबांपुढे गेला. कटच्या रकान्यात दिवसभराचा आकडा होता दोन. साहेबांनी तो लाल पेन्सिलीने गोल केला. "दो आदमियों के लिए रेलिंग में छेद रखें?" मला त्या दोनांची वेळही दिसत होती, एक जाताना आणि एक परत येताना. दोन माणसं नव्हतीच ती. एकच होता, आमचा, टपाल घेऊन गेलेला. बाकी सगळी जत्रा साडेनऊच्या आत आपापल्या कामाला लागून दिवे लागल्यावर घरी परतणार होती, आणि त्यांच्याविषयी त्या तक्त्यात एक अक्षर नव्हतं. खाली माझी सही मात्र ठळक होती.

दुसऱ्या दिवशी मी बाल्कनीतली सायकल काढली. बायको दारात उभी राहून पाहत होती.

"कुठे निघालात एवढ्या सकाळी?"

"मोजायला."

"अच्छा. आणि मी पायपुसणी कुठे वाळवू?" मग चेनमधलं जळमट बोटाने काढत म्हणाली, "हळू चालवा. दिल्ली तुमच्या वेळची राहिली नाहीये. तुम्ही तरी कुठे राहिलात?"

सहा वाजता मी कटपाशी वही घेऊन उभा राहिलो. पाच-पाच रेघांचे गठ्ठे पाडत मोजायचं, एवढंच. पहिलं पान अर्ध्या तासात भरलं. करणी आणि ओळंबा पिशवीत घातलेले गवंडी, रात्रपाळी संपवून डुलक्या घेत चाललेले चौकीदार, दुधाचे कॅन लटकवलेले दूधवाले. उतारावरून सुसाट येत, कटपाशी एक पाय टेकत आणि एकामागे एक, भांडण न करता पार होत. दिल्लीत मोटारवाले असे ओळीने जाताना मी पाहिलेले नाहीत.

काही जण मला विमेवाला समजून टाळून गेले. काही थांबले. एका दूधवाल्याला मी नकाशातली खांबुटकी समजावली, मोटारसायकली ट्रॅकवर येऊ नयेत म्हणून तोंडाशी लावायची होती ती. त्याने दोन्ही कॅनकडे पाहिलं. "बाबूजी, खंभे इतने पास लगाओगे तो एक कैन इधर रह जाएगा, एक उधर." एका गवंड्याने एकच विचारलं, "पंचरवाला रहेगा कि हटाओगे?" उतारापाशी कडुलिंबाखाली टायर टांगून एक म्हातारा बसे. नकाशात त्याला अतिक्रमण म्हटलं होतं.

इस्पितळात आयाचं काम करणारी एक बाई थांबली. तिला मी झाडीमागून जाणाऱ्या ट्रॅकविषयी सांगितलं. माझ्या मते ती खूश व्हायला हवी होती.

"झाड़ी के पीछे?" ती म्हणाली. "ना जी. यहाँ गाड़ीवाला गाली देता है, पर देखता तो है."

आणि ती पार झाली.

नऊच्या सुमाराला आमचा शिपाई आला. मला पाहून त्याने ब्रेकच दाबला. मागचे दोघे त्याच्यावर ओरडले.

"साहब! आप? गाड़ी ख़राब हो गई?"

"गिन रहा हूँ."

त्याने वहीत डोकावून पाहिलं. एवढ्या रेघा पाहून त्याला बरं वाटलं असावं. "मुझे भी लिखो," तो म्हणाला. मी त्याच्यासमोर त्याची रेघ ओढली. मग तो गेला.

दोन सकाळी उभं राहून मी टिपणी लिहिली. कट ठेवावा, खांबुटकी एकमेकांपासून लांब लावावीत, झाडी छाटावी, पंचरवाल्याला हलवू नये, मुलांसाठी रुंदी वाढवावी. टिपणी बरी झाली होती. साहेबांनी ती शांतपणे वाचली आणि विचारलं, "सकाळी सहाला तुम्ही तिथे कुठल्या हुद्द्याने उभे होता?"

कुठल्याच हुद्द्याने उभा नव्हतो. फाइलवर शेरा आला: गणती कार्यालयीन वेळेबाहेरची असल्याने विचारात घेता येत नाही.

उद्घाटनाला टेम्पोतून नव्या सायकली आल्या. सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. पाहुण्यांनी फीत कापली आणि ते फोटोवाल्यापर्यंत सायकल चालवत गेले. तिथे त्यांचा पायजमा चेनमध्ये अडकला, तो सोडवायला लिंबाखालच्या पंचरवाल्याला बोलवावं लागलं. त्याने तो निगुतीने सोडवला. पुढच्या आठवड्यात त्याला हटवलं.

कटच्या जागी हिरवी रेलिंग बसली.

शिपाई पादचारी पुलावरून येऊ लागला. सायकल खांद्यावर, एक हात कठड्याला. मी एकदा मोटारीतून जाताना त्याला वर पाहिलं. तो प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढत होता, लहान मूल चढतं तसा. आमच्या चौघांपैकी कुणीतरी म्हणालं, "अरे, हा आपला नाही का?" सिग्नल सुटला आणि आम्ही पुढे गेलो. कार्यालयात त्याने मला आकडा सांगितला, तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. "बावन सीढ़ियाँ हैं, साहब. आपके काग़ज़ में नहीं होगा." हजेरीवर त्याच्या नावापुढे उशिराच्या फुल्या साठल्या. तिसऱ्या आठवड्यात अधीक्षकांनी सांगितलं की पहिल्या तारखेपासून टपाल दुसऱ्याकडे, तू पाण्यावर. मी अधीक्षकांशी बोललो. ते म्हणाले, "देखते हैं." ते कसं म्हणायचं हे त्यांना माझ्याइतकंच चांगलं येत होतं.

पहिली तारीख उजाडायच्या आत, एका सोमवारी, रेलिंगच्या दोन सळया नाहीशा झालेल्या आढळल्या. बरोबर जुन्या कटच्या जागी. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. सळया करवतीने कापल्या होत्या आणि कापलेली टोकं कानशीने घासून गोल केली होती, कुणाचे कपडे अडकू नयेत म्हणून. आमच्या ठेकेदाराने अख्ख्या ट्रॅकवर इतकं नीट काम कुठेही केलं नव्हतं.

"किसने किया?" मी शिपायाला विचारलं.

"भगवान जाने, साहब." त्या दिवशी तो वेळेवर आला होता. टपाल त्याच्याकडेच राहिलं.

पंधरा दिवसांनी रस्त्यापलीकडच्या देखभाल कार्यालयाचं पत्र आलं. रेलिंगमध्ये धोकादायक भगदाड पडलं आहे, दुरुस्तीला त्वरित मंजुरी द्यावी. पत्र घेऊन आला तो अर्थातच आमचा शिपाई. त्याला इंग्रजी वाचता येत नसे, पण कुठल्या लिफाफ्यात काय आहे हे त्याला नेहमी ठाऊक असे.

"साहब, जाली आई है," तो म्हणाला, रेलिंगला तो जालीच म्हणायचा, आणि सहीसाठी पिऑन बुक पुढे केलं.

तिथून पुढे काही महिने मी असं काम केलं, ज्याचा मला आजवर थोडाफार अभिमान वाटतो. रेलिंग पुलाच्या हद्दीत येते की रस्त्याच्या, असं मी विचारलं. उत्तर आल्यावर नकाशा मागितला. नकाशा आल्यावर छायाचित्र मागितलं, आणि ते आल्यावर कळवलं की ते चुकीच्या बाजूने काढलं आहे. दर वेळी स्मरणपत्र यायचं आणि दर वेळी तोच ते आणायचा, त्याच भगदाडातून. आपलाच रस्ता बंद करायची मागणी पिशवीत घालून तो त्याच रस्त्याने यायचा. "जाली फिर आई है, साहब." सांगताना तो हसायचा नाही. मीही नाही.

शेवटी 'अत्यंत तातडीचे' अशी लाल चिठ्ठी लावलेलं पत्र थेट साहेबांकडे गेलं. त्यांनी मला बोलावलं.

"हे अजून का पडून आहे?"

माझ्याकडचे प्रश्न संपले होते. उभ्या उभ्या जे सुचलं ते बोललो. "सर, आधी पाहायला हवं की त्या भगदाडाचा वापर कुणी करतं का. मोजणी करून घेऊ या."

मोजणी हा शब्द साहेबांना आवडायचा. "वेळ?"

"नेहमीचीच, सर. साडेदहा ते साडेचार."

ते म्हणाले, "ठीक."

मोजणीच्या दिवशी सकाळी शिपायाच्या पिशवीत देखभाल कार्यालयाचं बरंच टपाल होतं. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंही, मी राजपत्रित अधिकारी होतो. त्याने पिशवी खांद्याला लावली.

"आज गिनती है ना, साहब?"

"है."

"अच्छा," तो म्हणाला आणि गेला. एरवी वीस मिनिटांत जाऊन येणारा माणूस दीड तासाने परतला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, एका कोपरावर खरचटलेलं. तो ट्रक वळतात तिथून वळून गेला होता आणि तिथूनच वळून आला होता.

"क्या हुआ?"

"कुछ नहीं. ट्रकवाला था." त्याने पिऑन बुक टेबलावर ठेवलं. कोपराचं रक्त वहीला लागू नये म्हणून हात लांब धरला होता.

संध्याकाळी तक्ता आला. सायकली: शून्य. शेऱ्याच्या रकान्यात एका प्रामाणिक कारकुनाने लिहिलं होतं, एक कुत्रा, दोन वेळा. त्यावर मी टिपणी केली: सदर भगदाडाचा वापर कुणीही करत नसल्याने तूर्त अपघाताचा धोका संभवत नाही, दुरुस्ती पुढील टप्प्यात घेता येईल. पहिल्या तक्त्याखाली मी सही केली तेव्हा तो खोटा आहे हे मला माहीत नव्हतं. या वेळी माहीत होतं, आणि सही नेहमीपेक्षा सुवाच्य आली. साहेबांनी वाचून मान डोलावली. सगळं नियमात होतं.

दुसऱ्या दिवशी ते पत्र पिशवीत घालताना शिपायाने विचारलं, "कितने निकले, साहब?"

"एक भी नहीं. एक कुत्ता."

"कुत्ता तो रोज़ का है," तो म्हणाला. "भूरा वाला."

तो गेला. मी घड्याळ पाहिलं आणि वीस मिनिटांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा तो पिऑन बुक घेऊन दारात उभा होता.

टपालावरच राहून तो निवृत्त झाला. त्यानंतर काही महिन्यांनी मीही. पुढचा टप्पा अजून आलेला नाही. मध्यंतरी एका सकाळी मी तिकडे चालत गेलो होतो. हिरवा रंग उडाला आहे, ट्रॅकवर मोटारी लावलेल्या असतात, झाडी मात्र प्राध्यापकांच्या मनासारखी दाट झाली आहे आणि तिच्यामागून कुणीच जात नाही. भगदाडाच्या दोन्ही कडा हँडलं घासून घासून चकचकीत झाल्या आहेत. सात वाजत आले होते, उतारावरून एकामागे एक येत होते. मी सवयीने मनात पाच-पाच रेघा ओढायला लागलो. मग सोडून दिलं. तिथून किती जण जातात हे कुणाला कळायची गरज नव्हती.